आत्यांनी भरलेले शब्द

त्यांना एकही भाऊ नव्हता, त्यामुळे त्या कुणाच्या आत्या असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ऑफिसात सगळे त्यांना आत्याच म्हणत. हे नाव पडलं ते शेजारच्या टेबलावरच्या पायलटमुळे. कामावर रुजू झाला त्या दिवशी त्याने 'मॅडम' म्हणायला तोंड उघडलं आणि 'आत्या' म्हणून बसला, कारण त्याची खरी आत्या चष्मा असाच नाकाच्या शेंड्यावर आणून समोरच्याकडे बघायची. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, नुसतं "हं, बोल" म्हणाल्या. झालं, नाव चिकटलं. पायलट तरी कुठे खरा पायलट होता? घरी संगणकावर विमान उडवायचा गेम खेळायचा आणि सोमवारी आल्या आल्या, खुर्चीत बसायच्या आधी, काल किती वाऱ्यात विमान कसं उतरवलं ते सांगायचा. बायको ऐकून घेत नाही म्हणून आत्यांना ऐकावं लागायचं.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या वरचा एक लांबट हॉल. पाच टेबलं, पाच हेडफोन आणि प्रत्येक टेबलाखाली एक पायाने दाबायचं पेडल. पेडल दाबलं की व्हिडिओ थांबे, सोडलं की तीन सेकंद मागे जाऊन पुन्हा चालू होई. लोकांच्या व्हिडिओंना सबटायटल्स लिहायची, हे त्यांचं काम. कुणी नळ दुरुस्त करायला शिकवी, कुणी गणित, कुणी नुसतंच मांजर दाखवी. मांजराच्या व्हिडिओत काय लिहिणार, असं नवीन माणसाला वाटे. पण मांजराची मालकीण एकटी असल्यामुळे सगळ्यात जास्त बोलत असे.

आत्या इथे येण्याआधी एकोणीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत. छापखाना बंद पडला, पण सवय गेली नाही. किराणा दुकानाच्या पाटीवरची चुकलेली वेलांटीसुद्धा त्यांना रस्त्यातल्या खड्ड्यासारखी लागायची. ऑफिस चालवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे सुधारायचं नाही. ऐकू येईल तेच लिहायचं." आत्यांनी मान हलवली होती. मान हलवणं सोपं असतं.

दुपारी डबे उघडले की आत्या आणि पायलट यांच्या गप्पा रंगत, आणि त्या नेहमी एकाच रस्त्याने जात: गोष्टींमध्ये लोक काय मूर्खपणा करतात. आत्यांचा कच्चा माल म्हणजे सासूबाईंच्या मालिका. रोज संध्याकाळी सासूबाईंना सोबत म्हणून त्या दोन तास समोर बसत आणि दुसऱ्या दिवशी तक्रारींची मोट घेऊन येत. मालिकेत कुणाच्या कपात चहा नसतो, ही त्यांची जुनी तक्रार. कप असा उचलतात की त्यात हवा आहे हे दहा फुटांवरून कळतं. फोन ठेवताना कुणी 'ठेवते' म्हणत नाही. आणि सगळ्यात राग कशाचा, तर दाराआडून अर्धं वाक्य ऐकून रडत निघून जाणाऱ्या बायकांचा. "पुढचं वाक्य ऐकायला दोन सेकंद थांबली असती," आत्या म्हणायच्या, "तर आमच्या सासूबाईंचे दोन महिने वाचले असते. एक वाक्य. कुणीतरी तोंड उघडून एक वाक्य बोलायचं, की संपलं सगळं."

पायलटचा राग गेममधल्या गोष्टींवर असे. राज्य जळतंय, राजाला कैद झालीय, एक क्षण वाया घालवू नका असं सगळे ओरडून सांगतायत, आणि खेळणारा मात्र तळ्याकाठी गळ टाकून बसला तरी कुणाला काही फरक पडत नाही. राजा कैदेत आरामात वाट बघतो. आत्यांनी विचारलं, मग तू काय करतोस? पायलटने कबूल केलं की त्याने चार दिवस मासे पकडले होते. शिवाय सिनेमात कुणी व्हिडिओ गेम खेळताना दाखवला की तो बटणांवर असा तुटून पडतो जणू मुंग्या चिरडतोय, हे बघून पायलटला उठून जावंसं वाटे.

दोघांच्या आवडीचा एकच माणूस होता, आणि तो होता ड्रायव्हर आजोबा.

ड्रायव्हर आजोबा हे आत्यांचं गिऱ्हाईक. एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झालेले, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, घरात एकटे. मुलगी दुसऱ्या शहरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. तिनेच त्यांना एक ट्रक चालवायचा गेम आणून दिला, सोबत खरं वाटेल असं स्टिअरिंग आणि पायाखालचे ब्रेक-क्लच. हेतू इतकाच की माणूस कशात तरी गुंतून राहावा. आजोबा असे गुंतले की आठवड्याला दोन व्हिडिओ यायला लागले. 'चौथा गिअर' असं चॅनेलचं नाव. पडद्यावर लांबच लांब रस्ता, कोपऱ्यात एका चौकोनात आजोबांचा चेहरा, आणि तोंडाचा पट्टा चालू. घाटात गाडी कशी उतरवायची, झोप यायला लागली की आधी मान कशी जड होते, उतारू कोणत्या चेहऱ्याचा असला की तो भांडणार हे कसं ओळखायचं. चाळीसेक हजार माणसं ते ऐकायची. आजोबांची स्वतःचीही एक तक्रार होती, सिनेमातल्या ड्रायव्हरांबद्दल. गाडी चालवता चालवता शेजारच्या माणसाकडे अर्धा अर्धा मिनिट बघत बोलतात. हे सांगायला त्यांनी एकदा गेममधला ट्रक बाजूला घेऊन हँडब्रेक ओढला होता. "एकतीस वर्षांत," ते म्हणाले होते, "मी कंडक्टरचं तोंड फक्त स्टँडवर बघितलं." ते वाक्य लिहिताना आत्या एकट्याच हसल्या होत्या, आणि पायलटने हेडफोन काढून काय झालं म्हणून विचारलं होतं.

सबटायटल्स सांगितली होती मुलीने. ग्रंथालयात आवाज करता येत नाही. ती दुपारी काउंटरवर बसून आवाज बंद करून वडिलांचे व्हिडिओ बघायची. फोनवर वडील कधीच फार बोलत नसत. हो, बरा आहे, जेवलो, ठेवतो. पण गेमपुढे बसले की मोकळे होत, म्हणून वडिलांशी तिची खरी भेट अशी व्हायची, वाचून.

हे सगळं दीड वर्ष सुरळीत चाललं होतं.

मग एका व्हिडिओत गेममध्ये पाऊस लागला आणि आजोबा म्हणाले, "आता ते लावू या. ते, पाणी पुसायचं." आत्यांनी पेडल दाबलं, तीन सेकंद मागे गेल्या, पुन्हा ऐकलं. पहिल्या खर्ड्यात त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. दुसऱ्या वेळी खर्डा साफ करताना मात्र त्यांचा हात शिवशिवला. सगळ्यांनाच अडखळायला होतं. 'अं' आणि 'म्हणजे' तर त्या रोज गाळत होत्या. त्यांनी लिहिलं: आता वायपर लावू या. वाक्य कसं सरळ झालं. त्यांना बरं वाटलं, जणू एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरताना हात दिला.

पुढच्या महिन्यात असे हात बरेच द्यावे लागले. आजोबा टोलनाक्याला 'पैशाची खिडकी' म्हणाले, आरशाला 'मागचं बघायचं'. बघणाऱ्यांना त्यात गंमत वाटली. खाली लोक लिहीत, आजोबा आज रंगात आहेत. 'पाणी पुसायचं' हा शब्द तर इतका आवडला की काहींनी तोच वापरायला सुरुवात केली. आत्यांना मात्र ते गंमत म्हणून केलेलं वाटलं नाही. गंमत करणारा माणूस शब्दाच्या आधी किंचित थांबतो ते ऐकणाऱ्याची फिरकी घ्यायला. आजोबा थांबत ते अंधारात चप्पल शोधल्यासारखे. पण वय झालं की होतं असं, असं म्हणून आत्या शब्द भरत राहिल्या. कुठे काय म्हणायचं होतं ते त्यांना इतकं नेमकं कळायचं की आजोबांचा आवाज आणि त्यांची बोटं यांचं संगनमत असल्यासारखं झालं.

पाच महिने गेले. एक दिवस पायलटचं काम लवकर आटोपलं म्हणून तो खुर्ची सरकवून आत्यांच्या पडद्याकडे बघत बसला. आजोबा एका अरुंद गावातून ट्रक काढत होते. पायलट थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे असे का चालवतायत?"

आत्या म्हणाल्या, छानच तर चालवतायत.

"डावीकडे छान. डावीकडे एक बोट जागा सोडून काढतायत. उजवीकडे बघा ना." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. ट्रकची उजवी बाजू एका उभ्या गाडीला घासत गेली होती. आजोबांना पत्ताच नव्हता. ते बोलत होते. पुढे वळणावर उजवीकडचा खांब आडवा झाला. आवाज झाल्यावर आजोबा दचकले आणि म्हणाले, हा कुठून आला.

पायलटने खुर्ची आणखी पुढे ओढली. त्याने विचारलं की जुने व्हिडिओ आहेत का. होते. आत्यांना मुद्रितं फेकायची सवय नव्हती. साफ केलेल्या खर्ड्याशेजारी पहिला, कच्चा खर्डासुद्धा त्या तारीख घालून जपून ठेवत. दोघांनी त्या दुपारी डबे उघडले ते तसेच राहिले. पायलट व्हिडिओ पळवत उजवीकडच्या धडका मोजायला लागला, आणि आत्यांनी दोन्ही खर्डे शेजारी शेजारी उघडून आपण भरलेले शब्द मोजायला घेतले. जानेवारीत धडक एकही नाही, भरलेला शब्द एक. मार्चमध्ये धडका चार, शब्द अकरा. गेल्या पंधरवड्यात धडका नऊ, आणि शब्द मोजताना आत्यांचं बोट पडद्यावर एका ठिकाणी थांबलं. सलग चार वाक्यांत एकही नाम आजोबांचं नव्हतं. सगळी त्यांची होती.

आजोबा आजारी असतील ही भीती होतीच, पण तिच्याही आधी मनात आलं ते दुसरंच. हे व्हिडिओ आवाज बंद करून कोण बघतं, ते त्यांना आठवलं.

"ती माझं लिहिलेलं वाचतेय," आत्या म्हणाल्या. "पाच महिने ती वडिलांना नाही, मला वाचतेय."

पायलट म्हणाला की तिला कळवायला हवं. आत्या म्हणाल्या, काय कळवणार? आपण कोण? डॉक्टर नाही, नातेवाईक नाही, आवाज ऐकून टाइप करणारी बाई. आणि समजा काहीच नसलं तर? म्हातारा माणूस, नवा चष्मा लागला असेल, आणि आपण जाऊन त्याच्या मुलीच्या काळजाचं पाणी करायचं. शिवाय कळवायचं म्हणजे आपण काय केलं तेही सांगावं लागणार. हे शेवटचं त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, पण त्यांचं त्यांना कळलं की अडलंय ते तिथेच.

पायलटने डब्याचं झाकण लावलं. तो त्यांच्याशी कधी वरच्या आवाजात बोलत नसे, आताही बोलला नाही. "आत्या, रोज तुम्ही मला काय सांगता? दाराआड थांबायचं आणि एक वाक्य बोलायचं. आता तुम्हीच आहात दाराआड."

त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या उठल्या आणि ऑफिसवाल्या बाईंच्या केबिनमध्ये गेल्या. त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, शब्द भरल्याचंसुद्धा. बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. नियम का असतो ते आता कळलं का, असं त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसणं हेही नियमात बसत नाही, असंही. मग थोडा वेळ त्या टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिल्या. शेवटी त्यांनी फोन उचलून आत्यांच्या बाजूला वळवून ठेवला आणि स्वतः दार ओढून बाहेर गेल्या.

मुलीने फोन दबक्या आवाजात उचलला. ग्रंथालयातच होती. बिल राहिलंय का, असं तिने आधी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाल्या. "मी तुमच्या बाबांची सबटायटल्स लिहिते. तुम्ही त्यांचे व्हिडिओ आवाज लावून कधी बघितलेत?"

"इथे लावता येत नाही. का?"

"घरी?"

घरी गेल्यावर दिवस संपलेला असतो, असं मुलगी म्हणाली. तिच्या आवाजाला आता धार आली होती. आठवड्यातले दोन्ही व्हिडिओ आपण पूर्ण बघतो, एकही चुकवत नाही, असं तिने सांगितलं.

"माहीत आहे. म्हणूनच फोन केला." सुरुवात झाल्यावर आत्यांना थांबणं जास्त अवघड वाटलं. "त्यांना शब्द सापडत नाहीयेत. वायपर, आरसा, टोलनाका, साधे शब्द. ते अडतात आणि मी भरते. तुम्ही वाचता ते शब्द पाच महिन्यांपासून माझे आहेत. मी तसं करायला नको होतं. आणि उजव्या बाजूचं त्यांना दिसत नसावं, असं आमच्या इथल्या एकाला वाटतं. तो गेम खेळणारा आहे, त्याला कळतं. आम्ही डॉक्टर नाही. चूक असेल तर मला शिव्या द्या. पण एकदा आवाज लावून ऐका."

पलीकडून आवाज आले. खुर्ची सरकल्याचा, पावलांचा, दार लागल्याचा. मुलगी बहुतेक पुस्तकांच्या मागच्या खोलीत गेली असावी. ती म्हणाली, "कुठला व्हिडिओ?" आत्यांनी तारीख सांगितली. फोन चालू ठेवूनच तिने तो लावला, आणि आत्यांना आपल्या कानात, दूरवरून, तो ओळखीचा आवाज आला: ते... ते ओढायचं... थांबायचं ते...

हँडब्रेक. आत्यांच्या ओठांवर शब्द आला होता. त्यांनी तो गिळला.

व्हिडिओ बंद झाला. "मी निघते," मुलगी म्हणाली. तिने ठेवते म्हटलं नाही आणि फोन ठेवला.

त्यानंतर दहा दिवस काही कळलं नाही. 'चौथा गिअर'वर नवा व्हिडिओ आला नाही. आत्या कामात चुका करायला लागल्या; घरी मालिका चालू असताना सासूबाईंनी दोनदा विचारलं, आज तू तिला नावं का ठेवत नाहीस? पायलटने विमानाचं बोलणं बंद केलं. एकदा तो म्हणाला, काहीच नसेल आणि ती आपल्यावर चिडली असेल. आत्या म्हणाल्या, देव करो आणि तसंच असो.

अकराव्या दिवशी मुलीचा फोन आला. ती त्याच संध्याकाळी गाडीत बसून वडिलांकडे पोचली होती. आजोबांनी दार उघडलं, चहा टाकला, सगळं नेहमीसारखं. ती क्षणभर खुळ्यासारखी हसलीसुद्धा होती. मग तिने अंगणातली त्यांची छोटी गाडी बघितली. डावी बाजू नवी कोरी, आणि उजवी बाजू पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरबाडलेली. आरसा मोडून लोंबत होता. आजोबा दर रविवारी त्याच गाडीत शेजारच्या दोन म्हाताऱ्या बहिणींना बाजारात नेऊन आणत होते. कुणीतरी रात्री येऊन गाडी घासून जातं, असा त्यांचा पक्का समज होता, आणि तशी त्यांनी गल्लीत तक्रारही केली होती.

डोक्यात डाव्या बाजूला, कानाच्या मागे, लिंबाएवढी गाठ निघाली. पसरणारी नव्हती, साधी होती, पण कित्येक वर्षं सावकाश वाढत आता दाबायला लागली होती. ऑपरेशन झालं. आजोबा शुद्धीवर आले होते.

आत्यांचा जीव भांड्यात पडला, पण एक प्रश्न उरला होता, तो त्यांनी विचारलाच. पाच महिने आधी कळलं असतं तर?

मुलीने उगाच गोड करून सांगितलं नाही. नजर थोडी जास्त वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले होते. नक्की सांगता येत नाही, पण बहुधा. मग ती म्हणाली, "मी आठवड्याला तीनदा फोन करत होते. 'बरा आहे' ऐकलं की ठेवून देत होते. ते दोन शब्द त्यांना शेवटपर्यंत सापडत होते ना. त्यामुळे सगळं तुमच्याच डोक्यावर घेऊ नका. थोडं माझ्यासाठी ठेवा."

आत्या त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या आणि मालिकेतल्या बाईला नावं ठेवायला लागल्यावर सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे दीड महिन्याने आजोबांचा स्वतःचा फोन आला. नंबर मुलीचा होता म्हणून आत्यांनी सहज उचलला, आणि तो आवाज कानावर पडताच त्यांचा पाय आपोआप टेबलाखालच्या पेडलवर गेला. आजोबा हळूहळू बोलत होते, वाक्यावाक्याला दम खात. त्यांनी आभार मानले नाहीत. आधी एक तक्रार सांगितली. सिनेमात म्हणे डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला माणूस डोळे उघडतो आणि लगेच सगळ्यांना नावानं हाक मारतो. "खोटं आहे," आजोबा म्हणाले. "मी उठलो आणि मुलीला कंडक्टर म्हणालो."

आत्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला.

"तुम्ही माझं... ते बोलणं... नीट करत होता म्हणे."

"हो. माझं चुकलं."

"छान करत होता. मी वाचलं सगळं, मुलीनं दाखवलं. मला वाटलं, अरे, किती छान बोलतो मी." ते थांबले. आत्यांना वाटलं, आता शब्द अडला. पण आजोबा विचार करत होते. "आता नका करू. आता जे बाहेर पडेल ते लिहा. मला बघायचंय, परत किती येतायत ते. आणि मुलीलाही."

उजवीकडची नजर मात्र पूर्ण परत आली नव्हती, आणि येणारही नव्हती. खरी गाडी कायमची सुटली. ती त्यांनी विकायला काढली. किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा ते घरात निघून गेले होते, असं मुलीने नंतर कळवलं. गेममधला ट्रकसुद्धा त्यांनी एकदाच चालवून बघितला आणि स्टिअरिंगवरून हात काढून घेतले. खेळ असला म्हणून काय झालं, न दिसणाऱ्याने चालवू नये, असं त्यांचं म्हणणं. पायलटला हे ऐकून फार वाईट वाटलं. त्याने दोन संध्याकाळी घालवून डावीकडे जास्त दिसेल अशी पडद्याची मांडणी शोधून काढली आणि मुलीला लिहून पाठवली. आजोबांनी नम्रपणे नको म्हणून कळवलं, आणि सोबत विचारलं की विमानाला किती गिअर असतात.

'चौथा गिअर' पुन्हा सुरू झालं ते शनिवारी शनिवारी. मुलगी दर शुक्रवारी संध्याकाळी वडिलांकडे येत होती. आता स्टिअरिंगवर ती बसे, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात दोन चेहरे दिसत. मुलगी गाडी भयंकर चालवायची. ती ट्रक मागे घेताना पायलट अक्षरशः डोळे झाकून घ्यायचा. आजोबा शेजारी बसून तिला सूचना देत, निम्म्या सूचनांत मुख्य शब्दच नसे, आणि ट्रक भलतीकडे जाई. बघणारे दुप्पट झाले.

पहिला व्हिडिओ आत्यांकडे आला तेव्हा त्यांनी नव्या फाइलला नाव दिलं आणि दोन माणसं बोलतात म्हणून प्रत्येक वाक्यापुढे आडवी रेघ घालून लिहायला बसल्या. आता खर्डा एकच होता. पायलट हेडफोनचं एक टोक आपल्या कानाला लावून शेजारी बसला.

ट्रक एका पुलापाशी आला होता. मुलीने विचारलं, "बाबा, आता काय करू?"

"ते दाब." आजोबा थांबले. त्यांचा हात हवेत वर-खाली झाला. "ते. आवाजाचं."

मुलीने शब्द सांगितला नाही. ती रस्त्याकडे बघत वाट बघत राहिली. ट्रकचं इंजिन नुसतं धडधडत होतं. आत्यांनी बोटं टेबलाच्या कडेला टेकवली. एक सेकंद, दोन, पाच, सात.

"भोंगा," आजोबा म्हणाले. मग मान हलवून, स्वतःवरच नाराज होऊन, "नाही. तो गिरणीचा. हॉर्न. हॉर्न दाब."

मुलीने हॉर्न दाबला, आणि तो जरा जास्तच वेळ दाबून धरला. आत्यांनी दोन्ही शब्द लिहिले, मधलं 'नाही'ही लिहिलं, आणि पेडलवरचा पाय उचलून पुढे ऐकायला लागल्या.